बकुळेची थरथर आणि माझी मिरवणूक

लालबागमधून माझी एकदा मिरवणूक निघाली आहे. तिचा माझ्या कवितेशी काहीही संबंध नव्हता.

संबंध होता आमच्या मोटारीच्या क्लचशी. मोटारीचे नाव बकुळा. ओंजळीत राहून राहून सुकलेल्या बकुळफुलासारखा तिचा रंग, म्हणून हे नाव मीच ठेवले. माझे सासरे नाना मात्र मोटारीला नुसते 'ती' म्हणतात आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, 'ही'. त्यामुळे "तिला पुसून घेतो, मग हिला दवाखान्यात नेतो" असली वाक्ये आमच्या घरात कुणालाच खटकत नाहीत.

बकुळा नानांच्या वडिलांनी घेतलेली. गोल, भरदार बॉनेट. मिशीसारखा वळलेला बंपर. आणि दार उघडताच अंगावर येणारा तो वास: जुने रेक्झिन, पेट्रोल आणि कुठल्यातरी उन्हाळ्यात सीटखाली विसरलेल्या वाळ्याच्या जुडीचा. तिला खोड एकच होती. थांबलेली गाडी निघताना नाना क्लचवरचा पाय हळूहळू उचलत, तसतशी तिला हुडहुडी भरत असे. आधी स्टिअरिंग थरथरे, मग काचा, मग नानांचे गाल आणि अखेरीस मागच्या सीटवर बसलेल्या माईंची कवळी. एकदा चाल मिळाली, की पुन्हा ती तळ्यातल्या नावेसारखी शांत!

गिरगावात आमची चाळ होती, तोवर या थरथरीचे कुणाला काही वाटत नव्हते. खिडक्यांची तावदाने खडखडली, की शेजारी एवढेच म्हणत, "नाना निघाले वाटतं." पण चाळ पडली आणि तिथे मनोरा उभा राहिला. आम्हांला वरच्या मजल्यावर जागा मिळाली, वारा मिळाला, बोटभर समुद्र मिळाला आणि यांत्रिक पार्किंग मिळाले. या पार्किंगमध्ये गाडी एका लोखंडी पॅलेटवर (म्हणजे मोटारीसाठी मांडलेल्या भल्यामोठ्या पाटावर) चढवायची. चालकाने उतरायचे. मग पॅलेट गाडीसकट वर जाऊन आपल्या कप्प्यात बसते. फार देखणे यंत्र. पण अत्यंत हळवे. पॅलेटवर गाडी जरा थरथरली, की त्याला भूकंपाचा भास होतो, सगळे कप्पे जागच्या जागी थिजतात आणि भोंगा वाजू लागतो. गिरणगावातले भोंगे कधीचे बंद झाले. आम्ही गिरगावात तो रोज संध्याकाळी नव्याने सुरू केला!

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर यांची गाडी नेमकी बकुळेच्या वरच्या कप्प्यात. त्यामुळे भोंगा वाजला, की पाटणकर अडकत. एके दिवशी ते खालीच दबा धरून बसले.

"नाना, ही मोटार आहे की पिठाची गिरणी?"

"एके काळची राणी आहे," नाना म्हणाले.

"राणीला सांधेदुखी झाली असेल तर दुसरीकडे हलवा. कमिटीचं ठरलंय. येत्या रविवारी पाच वाजता बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. गाडी पॅलेटवर चढेपर्यंत पाणी सांडलं नाही, भोंगा वाजला नाही, तर राहील. नाहीतर रविवारीच बाहेर!"

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ते मी काय सांगू?"

बाहेर म्हणजे कर्जत. माझा नवरा शिरीष याच्या मित्राचे तिथे शेतघर आहे. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी टेकून उभी राहतील अशी एक जुनी गाडी त्याला हवीच होती. रोज सकाळी नाना बकुळेचे पॅलेट खाली उतरवून घेत, गाडीत बसत आणि काच खाली करून वर्तमानपत्र वाचत. येणारा-जाणारा दोन शब्द बोले. नव्या घरांना चाळीसारखी गॅलरी नाही. नानांची उरलेली गॅलरी म्हणजे बकुळा. तिला टेकून अनोळखी जोडपी हसणार, ही कल्पना त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. त्या रात्री भाकरीही उतरली नाही.

पाटणकरांच्या तोंडचा 'सांधेदुखी' हा शब्द मात्र माईंनी अचूक उचलला.

"उर्मिला, थरथर म्हणजे वात गं," त्या मला म्हणाल्या. "आणि वाताला काय लागतं?"

"तेल!" मी म्हणाले.

आता हे हास्यास्पद वाटेल. पण आमच्या घरात तेल हा शेवटचा उपाय नसतो, पहिला असतो. गुडघा धरला, तेल. दार कुरकुरले, तेल. मूल रडले, तेल. शिवाय मी पडले कवितेतली बाई. बकुळेच्या थरथरीत मला वार्धक्याचा कंप ऐकू आला. कोरड्या पडलेल्या सांध्यांचे मूक रुदन ऐकू आले. (जे मूक असते ते ऐकू कसे येते, असे शिरीषने विचारले होते. शिरीष विमा कंपनीत आहे.) चालकाच्या पायांखालचे रबर उचलले, की एक झाकण दिसते आणि झाकणाखालच्या अंधारात क्लच फिरत असतो. शिरीष कचेरीत गेल्यावर नानांनी ते झाकण स्वतःच्या हाताने उघडले.

"घाला," ते हताशपणे म्हणाले. "डॉक्टरांनी हिच्या गुडघ्यांना तरी वेगळं काय केलंय?"

पहिल्या दिवशी खोबरेल. लोटीत कोमट करून मी धार धरली. अंधारात ती निःशब्द, अखंड, जात्यावरच्या ओवीसारखी उतरत गेली. माझे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी बकुळा दुप्पट थरथरली.

"तेल जिरतंय," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ओवा घालून कढवलेले तिळाचे तेल. गाडीचा आरसा निखळून नानांच्या मांडीवर पडला.

"वात बाहेर पडतोय!" माई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी एरंडेल. एरंडेल प्यायल्यावर माणसाचे जे होते, ते बकुळेचे झाले. ती थरथरली, डचमळली, पॅलेटवर अर्धी चढून अडकली आणि भोंगा इतका वेळ वाजला, की पाटणकर कमरेला टॉवेल गुंडाळून, एका कानात साबण घेऊन खाली आले. साऱ्या पार्किंगमध्ये बाळंतिणीच्या खोलीचा मंद, ऊबदार गंध दरवळत होता.

"कोण बाळंत झालंय इथं?" पाटणकर ओरडले.

शिरीष घरी आला, त्याने तो गंध हुंगला, रबर उचलले आणि तो मटकन खाली बसला.

"आई! क्लच घासून पकडतो. त्याच्यावर तेल पडलं की तो घसरणार, पकडणार, पुन्हा घसरणार. म्हणून तर गाडी थरथरते! बरी करायला निघालात की मारायला?"

"मग हे आधी नाही का सांगायचंस?" माई.

"आधी? गाडीला मालीश करू नका, हे आधी सांगायचं असतं?"

शनिवारी बकुळा टोचन लावून परळच्या भोईवाड्यात बाबल मेस्त्रींकडे गेली. बाबल मेस्त्री मूळचे मालवणचे. मुंबईत आजवर जेवढ्या जुन्या मोटारी धावल्या, तेवढ्या आपल्याच हाताखालून गेल्या असे ते छातीवर पाना आपटून सांगतात. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, आत डोके घातले, ते तसेच बाहेर काढले आणि आम्हा सगळ्यांकडे पाहिले.

"गाडयेक फोडणी कोणी घातली?"

"मी," मी म्हणाले. खोटे कशाला बोलायचे!

"मोहरी तेवढी घालूची रवली!"

मेस्त्रींनी क्लचप्लेटला पकड धरणारे नवे लायनिंग बसवले, आतला सगळा तेलाचा चिखल धुऊन काढला, इंजिनाखालची तडकलेली रबरे बदलली आणि रविवारी दुपारी गाडी नानांच्या ताब्यात देताना बजावले, "लायनिंग नवा आसा. नवी सून कशी, रुळाक वेळ लागता, तसा. थांबा, निघा, थांबा, निघा, असा करत जावा. सुरवातीक थोडी थरथरतली, घाबरू नको. आणि तेल सायलेन्सरार गळलला आसा, ता जळतला. धूर येतलो."

आता माझ्या पोशाखाविषयी सांगणे भाग आहे. त्याच दिवशी सकाळी दादरच्या एका छोट्या काव्यमंडळाने माझा सत्कार केला होता. (ज्यांचा ठरला होता, ते ऐनवेळी आजारी पडले.) मी हळदीच्या रंगाचे रेशमी लुगडे नेसले होते. गळ्यात झेंडूचा जाडजूड हार, हातात श्रीफळ, खांद्यावर जरीकाठी लाल शाल. कार्यक्रम लांबला, म्हणून मी तशीच टॅक्सीने भोईवाड्यात पोचले. हार मी काढला नव्हता. दादरच्या पंधरा-वीस लोकांनी तो पाहिला होता. परळच्याही दोघा-चौघांनी पाहावा, एवढीच माफक इच्छा. त्याच इच्छेपोटी मी पुढच्या सीटवर, नानांच्या शेजारी बसले. मागे माई. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते आणि बंपरला फुलांची माळ बांधली होती. शिरीष गिरगावात पाटणकरांना गप्पांत गुंतवून ठेवण्याच्या कामगिरीवर.

तो गणेशचतुर्थीच्या आधीचा रविवार होता. त्या दिवशी रस्ता कसा असतो, हे लालबाग-परळच्या तान्ह्या मुलालाही ठाऊक असते. आम्हां तिघांना क्लचच्या नादात त्याचा पूर्ण विसर पडला होता! कार्यशाळांतून मंडळांचे गणपती निघाले होते, रस्ता माणसांनी फुलला होता आणि ढोलांचा नाद छातीच्या पिंजऱ्यात घुमत होता. त्या गर्दीत नाना मेस्त्रींच्या आज्ञेप्रमाणे थांबत होते, निघत होते. बकुळा थरथरत होती, पण थोडी कमी. आणि मग धूर आला.

निळसर, दाट, झाकणाच्या फटीतून वळसे घेत वर येणारा धूर. त्यात खोबरे होते, तीळ होता, ओवा होता. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात कुणी सुगरणीने धूप घातला असता तर असाच वास आला असता. मला खोकला येऊ लागला. मी शाल डोक्यावरून घेऊन पूर्ण तोंड झाकून घेतले. श्रीफळ मांडीवर होते. गाडीच्या धक्क्यांनी पुढे कलंडू नये म्हणून मी उजवा पंजा समोरच्या काचेला टेकवला.

माझे चित्र आता डोळ्यांसमोर आले असेल. लालबागच्याही आले.

"अरे, बाप्पा बघ! गाडीत!"

"घरगुती दिसतोय. पण साइज बघ ना!"

"तोंड झाकलंय रे. बसवल्याशिवाय उघडत नाय ना."

"हात बघ, हात! काय आशीर्वाद दिलाय! फिनिशिंग बघ. नखं पण रंगवलीत!"



"उर्मिला, हलू नकोस गं," मागून माईंचा दबका आवाज आला. "ते तुला गणपती समजलेत."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगणारच होते. पण ते रस्ता द्यायला लागलेत!"

"सूनबाई, गप्प बसा," नाना ओठ न हलवता म्हणाले. "पाच वाजत आलेत."

इतक्यात माईंच्या मांडीवरचा फोन वाजला. शिरीषचा आवाज मलाही ऐकू आला: "कुठे आहात? पाटणकर पेला भरून उभे आहेत! घड्याळ बघतायत!"

मी गप्प बसले. दगडासारखी म्हणणार होते, शाडूसारखी म्हणते.

कुणीतरी नानांच्या खिडकीशी वाकले. नानांनी उभी नोकरी कोर्टात कारकून म्हणून काढली. ते खोटे कधीच बोलत नाहीत. विचारले तेवढ्याचेच उत्तर देतात.

"काका, कुठे चाललाय?"

"गिरगावला."

"मूर्ती कुठली?"

"मूळची पेणची."

(माझे माहेर पेण. सात पिढ्या.)

"वाटलंच! पेणचं कामच वेगळं. अंग बघा ना कसं भरलंय. दीड दिवसाचा की पाच?"

"आमच्याकडे सव्वीस वर्षं आहे."



"मग… विसर्जन?"

"अजून तसा विचार केलेला नाही."

एवढे बोलून नानांनी गिअर टाकला. बकुळा थरथरली. मी थरथरले, हार थरथरला, नारळ मांडीवरून घरंगळता घरंगळता राहिला आणि बाहेर एकच ओरडा झाला.

"काका, थांबा, थांबा! मूर्ती हलतेय! तडा जाईल!"

"इंजिन बंद करा! आम्ही ढकलतो!"

"ए विक्या, पुढचे लोक बाजूला घे! ढोलवाल्यांना बोलाव!"

आणि माझी मिरवणूक सुरू झाली. पुढे ढोल, मागे ढकलणारे, दोन्ही बाजूंना हात जोडलेली माणसे. "गणपती बाप्पा…" अशी आरोळी उठली आणि 'मोरया' या शब्दावर माईंनीही सवयीने हात वर केला! खिडकीतून माझ्या मांडीवर जास्वंद पडली, दूर्वा पडल्या, अर्धवट सोललेले केळे पडले. कुणाचे तरी थंड, ओलसर हात माझ्या गुडघ्यांना लागले. एक घाईतला आवाज कानाशी आला, "बाप्पा, यंदा प्रमोशनचं बघ." दुसरा म्हणाला, "बाप्पा, ह्याचं झालं की माझं." मी आयुष्यात कुणाला साधी लिफ्टमनची जागाही मिळवून देऊ शकलेले नाही. लाजेने मी आतल्या आत वितळत होते.

"देवाची चेष्टा होतेय हो माई," मी शालीतून पुटपुटले.

"मनात नाव घेत राहा. म्हणजे तुझ्याकडे आलेलं सगळं त्याला परस्पर पोचेल."

मी नाव घेऊ लागले. पण मांडीवर जास्वंद, नाकाशी झेंडू, खाली ओव्याचा धूर आणि तोंडावर नव्या शालीची खळ. पहिली शिंक मी गिळली. दुसरी अर्ध्यावर थोपवली. तिसरी आली ती या दोघींना सोबत घेऊन.

ढोल थांबले.

"आई," एका चिमुकल्या मुलीचा स्पष्ट आवाज आला, "बाप्पाला सर्दी झालीय."

मग बांगड्यांचा आवाज झाला, एका म्हाताऱ्या बाईंचा हात आत आला आणि त्यांनी हलकेच शाल बाजूला केली.

"अगो बाय! ही तर बाई हाय!"

समोर शेकडो डोळे. समोर श्रोते दिसले, की माझे हात आपोआप जोडले जातात. ते जोडले.

"नमस्कार," मी म्हणाले.

गाडी ढकलून घामाघूम झालेला तो विक्या खिडकीशी आला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग नानांकडे. "काका, म्हणजे मूर्ती नाय?"

"मूर्ती आहे असं मी म्हटलं नव्हतं," नाना म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "बाळांनो, चूक आमची. पण पाचला गिरगावात पोचलो नाही, तर ही गाडी माझ्याकडून जाते. पेला भरून वाट बघतायत लोक."

"कसला पेला?"

नानांनी सगळे सांगितले. भोंगा, पाटणकर, कर्जत, तेल. तेलापर्यंत आल्यावर पहिला हसणारा विक्या. मग ते हसू रस्ताभर पसरत गेले. ढोलवाल्यांपैकी एकाला तर ढोलावर आडवे पडून हसावे लागले.

"आधी नाय सांगायचं काका! चला रे, लावा हात! एवढं आणलं, आता काय अर्ध्यात सोडणार?"

"बोला, तेलवाल्या मावशींचा…"

"विजय असो!" आणि मूठभर गुलाल माझ्या केसांवर पडला.

मी मात्र पुढच्या सीटवर थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हते. उतरले, मागचे दार उघडले आणि माईंच्या शेजारी, खरे तर माईंच्या मागे, शक्य तितकी खाली दडून बसले. पोरांनी बकुळा चिंचपोकळीच्या पुलावर चढवली आणि पलीकडच्या उतारावर सोडून दिली. गाडीने वेग घेतला, नानांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, आणि इंजिन तंबोऱ्यासारखे लागले. त्यानंतर गिरगावापर्यंत प्रत्येक सिग्नलला आम्ही थांबलो आणि प्रत्येक सिग्नलवरून बकुळा लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली.

"बाबलनं केलं!" नाना म्हणाले.

"बाप्पानं केलं," माई म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, पण शिरीषने पाटणकरांना गप्पांत अडकवून ठेवले होते आणि सगळी इमारत खाली उतरली होती. पाटणकरांनी स्वतःच्या हाताने पेला बॉनेटवर ठेवला. माई उतरल्या. मी उतरले नाही. केसांत गुलाल, लुगड्यावर केळे, गळ्यात चेंगरलेला हार. अशा अवस्थेत शेजाऱ्यांना कोण भेटेल? मी आणखी खाली सरकले. नानांनी क्लच सोडला. बकुळा निघाली. पेल्यातल्या पाण्यावर सुरकुतीही उठली नाही. चाके पॅलेटवर चढली, स्थिरावली. भोंगा गप्प!

टाळ्या! शिरीषने माईंना मिठी मारली. पेला उचलायला पाटणकर वाकले, त्यांनी सहज आत पाहिले आणि ते दचकून मागे सरले.

"वहिनी? तुम्ही?"

"नमस्कार," मी म्हणाले.

"पॅलेटवर चालकाशिवाय कुणीही चालत नाही! सुरक्षेचा नियम आहे. चाचणी पुन्हा!"

मी खाली उतरले. नानांनी गाडी मागे घेतली. पेला पुन्हा भरला. नानांनी क्लच सोडला आणि बकुळा अशी थरथरली, की पेला बॉनेटवरून उडून पाटणकरांच्या पँटवर रिता झाला. भोंगा वाजू लागला.

नानांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. खिशातून रुमाल काढला आणि ते मीटरची काच पुसत बसले. स्वच्छच होती ती. भोंगा यादवने, म्हणजे आमच्या वॉचमनने, घाईघाईने बंद केला.

"एक मिनिट," शिरीष म्हणाला. तो कधी माझ्याकडे, कधी मागच्या सीटकडे पाहत होता. अशा नजरेने तो विम्याचा दावा तपासतो. त्याने बाबल मेस्त्रींना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बरोबर आसा!" मेस्त्रींचा आवाज साऱ्या पार्किंगमध्ये घुमला. "लायनिंग रुळापर्यंत मागच्या बाजूक भार व्हयो. भार पडलो की गाडी उडाक बघणा नाय. वयनींका मागे बसवा!"

"वहिनी चालणार नाहीत," पाटणकर पँट झटकत म्हणाले.

"आणि नुसतं वजन चाललं तर?" शिरीष म्हणाला.

पाटणकरांनी विचार केला. नियमात माणसाला बंदी होती, वजनाला नव्हती.

इमारतीच्या कामातून उरलेली वाळूची पोती फाटकापाशी पडली होती. यादवने एक पोते आणून मागच्या सीटवर ठेवले. पेला भरला. क्लच सोडला. पाणी सांडले. भोंगा.

दुसरे पोते. पाणी. भोंगा.

तिसरे पोते. (जमलेल्या मंडळींनी आता माझ्याकडे पाहणे सौजन्याने टाळले.) पाणी जरा कमी सांडले. भोंगा मात्र पूर्ण वाजला.

"भाभीजी," यादवने अत्यंत आदराने विचारले, "थोड़ा और?"

मी मान डोलावली. चौथे पोते आत गेले. पोती फार लहान होती, हे मी इथे आवर्जून नमूद करते. नानांनी क्लच सोडला आणि बकुळा गाभाऱ्यात समई न्यावी तशी, ज्योतही न हलता, पॅलेटवर जाऊन उभी राहिली. पाटणकरांनी पेला उचलला, त्यातले पाणी पाहिले आणि, काय वाटले कुणास ठाऊक, पिऊन टाकले.

"राहू द्या गाडी," ते म्हणाले.

नानांनी दार उघडले, पण ते लगेच उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

लायनिंग आता केव्हाच रुळले असेल, असे शिरीष म्हणतो. पण पोती काढून बघायची हिंमत कुणातही नाही. वाळू सांडू नये म्हणून ती माईंनी माझ्या सत्काराच्या शालीत बांधून ठेवली आहेत. नाना रोज सकाळी पुढे बसून वर्तमानपत्र वाचतात आणि विशेष बातमी असेल तर ती मागे वळून पोत्यांनाही ऐकवतात. संध्याकाळी पॅलेटची कळ दाबण्यापूर्वी यादव न चुकता ओरडून विचारतो, "भाभीजी बैठी हैं ना?" आणि वरच्या मजल्यावर चहा पीत उभी असलेली मी न चुकता "हो!" म्हणते.

परवा दादरच्या काव्यमंडळातल्या एका बाईंनी मला विचारले, मराठी कवितेत तुम्ही स्वतःची जागा कुठे मानता? मी प्रामाणिक उत्तर दिले. मराठी कवितेतली माझी जागा रिकामी राहिली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. बकुळेतली रिकामी राहिली, तर अख्ख्या इमारतीत भोंगा वाजतो.